शुश्रूषेत सद्भाव पुरा आहे काय?

घरात कोणी दुखणाईत पडला म्हणजे त्याची शुश्रूषा करणे हे सर्वांचे कर्तव्य आहे, याविषयी आमच्या वाचकांत दुमत असणार नाही. आजाऱ्यास टाकून देणारा मनुष्य कोणत्याही गावात निंद्यच ठरतो. परंतु ह्या कर्तव्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, व त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो असा की, मनात प्रेम आहे, हेतू शुद्ध आहे, रात्रीच्या रात्री जागण्याची तयारी आहे, एवढ्याने शुश्रूषा करणाऱ्याचे कर्तव्य पुरे झाले असे म्हणावे काय? चांगल्या हेतूने दिलेले औषध चुकले व त्यापासून रोग्यास अपाय झाला, तर हेतू चांगला होता एवढ्यावर आपण मोकळे होतो काय?

पुष्कळ लोक ह्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच देतील. 'आम्ही आमच्याकडून काही कमी केले नाही, पुढे त्याचे नशीब' असे बोलणे प्रत्येक गावी ऐकू येते. ह्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. जाणूनबुजून वाईट करणारा आणि चांगले करावयास जाऊन चुकणारा ह्या दोघांस एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु मनुष्यास दोष किती द्यावा हा एक प्रश्न, आणि त्याने काय करावयास पाहिजे होते हा दुसरा. दोष देताना हेतू पाहावा हे खरे. तथापि कर्तव्य ठरविताना केवळ हेतू पाहून भागत नाही. औषध पोटात गेले म्हणजे ते देणाऱ्याच्या मनात माया होती की नव्हती, हे त्या औषधास कळत नाही.

प्रथम रोग्याची स्थिती काय असते ते पाहावे. धडधाकट मनुष्य आपल्या पानातले अन्न चाखून पाहतो, विटले असले तर बाजूस सारतो. आजारी मनुष्य तसे करू शकत नाही. तापाने भणभणलेल्या म्हाताऱ्यास तळहातावरच्या दोन गोळ्या कशाच्या हे विचारण्याचे भान नसते. तान्ह्या मुलास तर वाचाच नसते. तो तोंड उघडतो, आणि आपण जे घालू ते गिळतो. कोणी गावाला जाताना आपले दागिने शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो, तेव्हा शेजाऱ्याचे मन चांगले आहे एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. परत आल्यावर दागिने मोजून मिळावे अशी त्याची अपेक्षा असते. रोग्याचा जीव ही तशीच ठेव आहे. ठेवीच्या बाबतीत विश्वासूपणा म्हणजे चोख हिशेब, आणि शुश्रूषेच्या बाबतीत विश्वासूपणा म्हणजे चोख मात्रा, स्वच्छ हात व ठरलेली वेळ, असे आम्ही समजतो.

सद्भाव असून अपाय कसा होतो याचे एक उदाहरण इतिहासात नमूद आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी शिकत. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कित्येक वर्षे शेकडा दहाच्या आसपास होते. सुइणींच्या विभागात ते पुष्कळच कमी असे. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने ह्याचे कारण शोधले. डॉक्टर व विद्यार्थी प्रेते फाडून तपासण्याच्या खोलीतून सरळ बाळंतिणींकडे येत, आणि त्यांच्या हातांबरोबर विष येई. १८४७ साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय कोणीही रोग्यास शिवू नये असा नियम केला, व पुढील वर्षी मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आत आले. ते डॉक्टर दुष्ट नव्हते. विद्वान होते, कष्टाळू होते, बाळंतीण वाचावी अशीच त्यांची इच्छा होती. तरी त्यांच्याच हातांनी मरण नेले. याहून शोचनीय गोष्ट ही की, 'आमच्या हातांनी अपाय होतो' हे शब्द पुष्कळ डॉक्टरांना सहन झाले नाहीत, व त्यांनी सेमेलवाइसाचे म्हणणे वर्षानुवर्षे झिडकारले. आपला हेतू चांगला आहे ह्या भरवशावर मनुष्य आपले हात तपासून पाहण्याचे सोडतो, तेव्हा तोच सद्भाव त्याच्या डोळ्यांवरची पट्टी होतो.

आता ह्याच्या उलट एक उदाहरण आपल्याच देशातले घेऊ. १९७१ साली पूर्व बंगालातील युद्धामुळे लक्षावधी लोक सरहद्द ओलांडून पश्चिम बंगालात आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. एक लिटर पाण्यास ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम व खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम, असे तोलून पुड्या बांधल्या. पाजण्याचे काम बहुतांशी रोग्यांच्या आप्तांनीच केले. छावणीत पूर्वी शंभर रोग्यांत सुमारे तीस दगावत होते, ते प्रमाण ह्या उपचाराने चारांहून खाली आले. येथे माया आप्तांचीच होती, व ती साथीच्या पहिल्या दिवशीही होती. परंतु तिला तोललेल्या पुडीची जोड मिळाली तेव्हा माणसे वाचली.

आज जलसंजीवनीची पुडी प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळते. तिच्यातील प्रमाण पुढे सुधारण्यात आले आहे, पण अचूकपणाचा नियम तोच राहिला. एक लिटरची पुडी पुऱ्या एक लिटर पाण्यातच घालावयाची. काही आया मूल थोडेच पाणी पिते म्हणून पुडी एका पेल्यात घालतात; त्यांना वाटते की औषध दाट झाले म्हणजे गुण लवकर येईल. परंतु मीठ अधिक झाले म्हणजे रक्तातील क्षार वाढतात व मुलास झटके येण्याचे भय असते. साखर अधिक झाली म्हणजे आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात. पुडी न मिळाल्यास घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सपाट सहा चमचे व मीठ सपाट अर्धा चमचा घालावे. चमचा पाच मिलिलिटरचा असावा. ह्या 'सपाट' शब्दात आईच्या मायेची परीक्षा आहे असे आम्ही म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

औषधांची गोष्टही अशीच आहे. पॅरासिटामॉल हे तापाचे औषध सर्वांच्या परिचयाचे आहे. मुलांसाठी ते दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळते. पातळ औषधाच्या पुष्कळ बाटल्यांत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते. थेंबांच्या लहान बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे ते चौपट तीव्र होय. मोठ्या बाटलीच्या सवयीने एखादीने थेंबांच्या बाटलीतून चमचाभर पाजले, तर तान्ह्या मुलाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली असे होते. मोठ्या माणसांसही हे औषध दिवसाकाठी ४ ग्रॅमांच्या वर देऊ नये, कारण अधिक झाले म्हणजे यकृतास इजा होते. आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांत हेच औषध दुसऱ्या नावाखाली असते, हे ध्यानात नसल्याने दुप्पट मात्रा नकळत दिली जाते.

मधुमेहाच्या रोग्यास लागणारे इन्सुलिन आपल्या देशात दर मिलिलिटरला ४० युनिटांचे व १०० युनिटांचे असे दोन्ही प्रकारांत मिळते. ४० युनिटांच्या सिरिंजेचे टोपण लाल असते, १०० युनिटांच्या सिरिंजेचे नारिंगी. तीव्र औषध लाल टोपणाच्या सिरिंजेने त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीच पट मात्रा अंगात जाते व रोगी बेशुद्ध पडतो. सांध्यांच्या आमवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज दिल्याने तोंडात फोड येणे, रक्त कमी होणे व शेवटी मृत्यू, असे प्रकार घडले आहेत. देणारा मुलगा आईवर प्रेम करणारा असेल, एक दिवसही न चुकता देणारा असेल; त्याचे न चुकणे हेच येथे घातक ठरते.

म्हणून परिचारिकांना शिकवितात ते पाच प्रश्न प्रत्येक घरी माहीत असावेत. रोगी तोच काय? औषध तेच काय? मात्रा तीच काय? मार्ग तोच काय, म्हणजे पोटात द्यावयाचे, त्वचेस लावावयाचे, की डोळ्यात घालावयाचे? वेळ तीच काय? हे प्रश्न दर वेळी, बाटली हातात असताना, दिव्याच्या उजेडात विचारावयाचे. शंभर वेळा बरोबर निघाले म्हणून एकशे एकाव्या वेळी सोडावयाचे नाहीत, कारण चूक सवयीच्या वाटेनेच येते.

औषधाखेरीज जी साधी सेवा, तिलाही हाच नियम लागू आहे. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा व खुबे येथील कातडीचा रक्तपुरवठा दाबाने बंद पडून जखमा होतात, आणि त्या हाडापर्यंत जातात. रोग्याच्या उशाशी रडत बसलेल्या दहा नातलगांपेक्षा घड्याळ पाहून त्याला वळविणारी एक सून त्याच्या अधिक उपयोगी पडते. त्यास भरवावयाचे ते उठवून, पाठीस टेकू देऊन, लहान घासांनी. आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालण्याची जी चाल आहे ती मायेची खरी, परंतु ते पाणी श्वासनलिकेत उतरून जीव घेऊ शकते. लघवी किती झाली, अन्न किती गेले, ताप किती होता, हे कागदावर टिपून ठेवले म्हणजे दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरास अंधारात चाचपडावे लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे शिकलेल्यांचे काम. आम्ही खेड्यातली अडाणी माणसे, आम्हांस हे कसे साधावे? ह्या शंकेचे उत्तर गडचिरोली जिल्ह्याने दिले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत थोडे शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. ह्या स्त्रिया बाळाचे वजन करीत, ताप पाहत, मिनिटाला श्वास किती हे मोजीत, आणि रक्तात जंतू पसरल्याची ठरलेली लक्षणे दिसली तर ठरलेल्या मात्रेत इंजेक्शनही देत. ह्या प्रयोगाचे फळ १९९९ साली प्रसिद्ध झाले: शेजारच्या, हा प्रयोग नसलेल्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. ह्या बायकांजवळ मोठी पदवी नव्हती. सांगितले ते जसेच्या तसे, दर वेळी, करण्याचा निश्चय होता. तस्मात् अचूकपणा ही विद्वानांची मिरास नव्हे. ज्यास वाचता येत नाही त्याने दवाखान्यातून निघण्यापूर्वी गोळी कोणती व केव्हा हे परत बोलून दाखवावे, पाकिटावर सूर्याची व चंद्राची खूण करून घ्यावी, आणि शंका आली तर आशाताईस किंवा शिकलेल्या शेजाऱ्यास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता देण्यात धोका आहे.

एथवर जे सांगितले ते ह्या कर्तव्याचे सोपे अर्ध होय. अवघड अर्ध पुढे आहे. मनुष्य कितीही जपला तरी केव्हातरी चुकतो. मग त्याने काय करावे? आईने बाटली चुकीची उचलली हे तिला पाजल्यावर कळले. घरात सासू आहे, नवरा रागीट आहे. ती गप्प राहते, मूल झोपले आहे तोवर सारे ठीक होईल अशी आशा करते. पॅरासिटामॉल अधिक गेल्यावर पहिल्या दिवशी मूल पुष्कळदा बरे दिसते, आणि त्याच अवधीत दवाखान्यात नेले तर त्यावर उतारा देता येतो. गप्प राहण्याने जो वेळ जातो तो मुलाचा असतो. पहिली चूक नकळत झाली. दुसरी, म्हणजे लपविण्याची, जाणून केली. आमच्या मते नीतीच्या दृष्टीने खरा दोष येथे सुरू होतो. चूक झाली की तत्क्षणी, काय दिले, किती दिले, केव्हा दिले हे बाटलीसकट डॉक्टरापुढे ठेवणे, हाच अशा वेळी शुश्रूषेचा धर्म होय.

परंतु खरे बोलणाऱ्याचे आपण काय करतो, हाही प्रश्न आपणांस टाळता येणार नाही. अमेरिकेत टेनेसी प्रांतातील एका मोठ्या इस्पितळात २०१७ साली एका परिचारिकेने पंचाहत्तर वर्षांच्या एका बाईस, तपासणीपूर्वी मन शांत व्हावे म्हणून सांगितलेल्या औषधाऐवजी, स्नायू लुळे करणारे व श्वास थांबविणारे औषध दिले. औषधांच्या यांत्रिक कपाटात नावाची पहिली दोन अक्षरे घातल्यावर जे प्रथम आले ते तिने घेतले. बाटलीच्या टोपणावर धोक्याची सूचना होती, तीही तिच्या नजरेतून सुटली. रोगी वाचली नाही. चूक ध्यानात येताच परिचारिकेने ती कबूल केली. इस्पितळाने मात्र ती त्या वेळी सरकारी अधिकाऱ्यांस कळविली नाही. सुमारे एक वर्षाने निनावी तक्रारीवरून ती उघड झाली. पुढे २०२२ साली न्यायालयाने परिचारिकेस दोषी ठरविले व तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली. इतक्या सूचना डावलल्या गेल्या, तेव्हा हयगय झाली नाही असे कोण म्हणेल? गेलेल्या बाईचा जीव काही स्वस्त नव्हता. तथापि त्या देशातील पुष्कळ परिचारिकांनी तेव्हा असे विचारले की, कबूल करणारीस शिक्षा व लपविणारे मोकळे, असे दिसू लागले तर उद्या कोण कबूल करील? आणि चूक कळलीच नाही तर ती पुढच्या रोग्यावर पुन्हा होणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

हा प्रश्न न्यायालयाचाच आहे असे नव्हे. तो आपल्या चुलीपाशी रोज उभा असतो. ज्या घरात सुनेने 'गोळी चुकली' म्हणताच तिच्या माहेराचा उद्धार होतो, त्या घरात पुढील चूक कधीच बोलली जात नाही. ज्या दवाखान्यात कंपाउंडरने तोंड उघडताच त्यास चारचौघांत अपमानित केले जाते, तेथे वही नेहमी बरोबर असते आणि रोगी मात्र बिघडतात. म्हणून वडीलधाऱ्यांस आमचे सांगणे असे की, अनवधान व बेपर्वाई यांत भेद करावा. दोन बाटल्या सारख्या दिसल्या म्हणून चुकलेल्यास रागे भरण्याऐवजी त्या बाटल्या वेगळ्या फळीवर ठेवाव्या. सांगूनही हात न धुणारा, विचारूनही न ऐकणारा, यास मात्र त्या कामावरून दूर करावे. आणि ज्याने स्वतः होऊन चूक सांगितली, त्यास प्रथम 'सांगितलेस हे बरे केलेस' एवढे शब्द ऐकू यावेत, शिकवण त्यानंतर.

शेवटची एक शंका उरते. अशा मोजमापाने, घड्याळाने व वहीने प्रेम थंड होईल, रोगी हा केवळ हिशेबाचा विषय होईल, असे काहींस भय वाटते. मोठ्या शहरांतील काही ठिकाणी हे भय खरेही ठरले आहे. तेथे गोळी वेळेवर येते, पण देणाऱ्यास रोग्याचे नाव ठाऊक नसते. परंतु चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमचे वाचक जाणतात. त्याला कळवळा आला, आणि कळवळ्यानंतर त्याने जे केले ते किती तपशिलाचे आहे पाहा: जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, रात्री सांभाळले, दुसऱ्या दिवशी पैसे मोजून दिले व पुढील खर्चाची जबाबदारी घेतली. प्रेम व हिशेब ह्या दोहोंचे तेथे वैर नाही. प्रेमाने त्याला रस्त्यावर थांबविले. हिशेबाने तो जखमी मनुष्य वाचला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, सद्भाव हा शुश्रूषेचा आरंभ आहे, तिची पूर्तता नव्हे. ज्याचे रोग्यावर खरोखर प्रेम आहे तो बाटली दोनदा वाचील, चमचा सपाट करील, हात धुवील, कूस बदलण्याची वेळ चुकविणार नाही, आणि चुकलाच तर रोग्याच्या जिवापुढे आपल्या अब्रूची पर्वा न करता ताबडतोब सांगेल. आमच्या उपदेशक बंधूंनी आजाऱ्याच्या घरी भेटीस जाताना सांत्वनाच्या दोन शब्दांबरोबर इतकेही करावे: औषधाची बाटली हातात घेऊन तिच्यावरचा कागद घरच्यांस मोठ्याने वाचून दाखवावा, ते कसे देतात हे विचारावे, आणि काही चुकत असेल तर कोणासही न लाजविता ते सुधारावे. एवढ्याने एखादा जीव वाचला, तर ती भेट व्यर्थ गेली असे कोणीही म्हणणार नाही.